अर्ज पाच, पर्याय चाळीस

वाचकाचं पत्र

मी सोलापुरात बारावी सायन्सला आहे, ग्रुप पीसीएम (भौतिक, रसायन, गणित), स्टेट बोर्ड. दहावीला ८८ टक्के होते. जन्म ऑक्टोबर २००८ चा, बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी २०२६ मध्ये. मला एनडीएला (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) जायचं आहे. मामा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. ते म्हणतात, एनडीए ठरलंय ना, मग दुसरा फॉर्म भरूच नको, मन दोन ठिकाणी जातं. क्लासच्या सरांनी पंधरा कॉलेजांची यादी दिली आहे, त्यात पुण्याची आणि परराज्यातली खासगी विद्यापीठं जास्त. वडील चादरीच्या कारखान्यात मुकादम आहेत, त्यांना फॉर्मच्या खर्चाचीच धास्ती आहे. सीईटीला ९२ ते ९५ पर्सेंटाइल पडतील असं सर म्हणतात. आम्ही ओबीसी. धाकटा भाऊ दहावीला आहे, त्यालाही हेच करायचं आहे. नेमक्या किती ठिकाणी अर्ज करू?
(विडी घरकुल, सोलापूर)

उत्तर

पंधराही नाही आणि एकही नाही. तू पाच अर्ज भर. एनडीएची एप्रिलची परीक्षा, जेईई मेन, एमएचटी-सीईटी, एनडीएची सप्टेंबरची परीक्षा आणि बारावीचा निकाल हातात आल्यावर जेईईच्या गुणांवर होणारी सैन्याची थेट भरती (सेना आणि नौदल मिळून एकच धरली आहे). खासगी विद्यापीठं सोडली तर इंजिनिअरिंगच्या एकेका कॉलेजला वेगळा अर्ज महाराष्ट्रात करावाच लागत नाही. सीईटी दिली, कॅपसाठी (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेसाठी) नोंदणी केली की एकाच ऑप्शन फॉर्ममध्ये सगळी कॉलेजं येतात. २०२५-२६ च्या प्रवेशाला त्या फॉर्ममध्ये ३०० पर्यंत पर्याय लिहिता येत होते. एनडीएचंही तसंच आहे. सेना, नौदल, हवाई दल आणि केरळातल्या एझिमलाची नौदल अकादमी, चारही एकाच अर्जात असतात. तेव्हा कॉलेजांची संख्या ऑप्शन फॉर्ममध्ये वाढव, अर्जांची वाढवू नको.

आता मामांचं म्हणणं. निष्ठा एका जागी असावी हे त्यांचं खरं आहे, पण वेळापत्रक त्यांच्या बाजूनं नाही. एप्रिलची लेखी दिलीस की निकाल, मग पाच दिवसांची एसएसबी (सैन्याच्या निवड मंडळाची) मुलाखत, मग वैद्यकीय तपासणी, मग अंतिम यादी, आणि खडकवासल्याला रुजू व्हायचं पुढच्या जानेवारीत. इंजिनिअरिंगचे प्रवेश मात्र पावसाळ्यातच होऊन जातात. तिथे नाव नसेल आणि यादीत नंबर लागला नाही, तर वर्ष हातातून जातं. शिवाय जागा बघ. एका परीक्षेतून एनडीएसाठी ३७० (सेना २०८, नौदल ४२, हवाई दल १२०) आणि बाकी नौदल अकादमीसाठी, अशा चारशेच्या आसपास मुलांची निवड होते. लेखी ९०० गुणांची आणि एसएसबीही ९०० ची. अलीकडे लेखीचा कट-ऑफ तीनशेच्या आसपास आणि अंतिम यादीचा १८०० पैकी साडेसहाशेच्या आसपास राहिला आहे. एसएसबीनं शिफारस केली, वैद्यकीय तपासणीत बसला, तरी गुणवत्ता यादीत मागे पडून राहिला, अशी मुलं दर वेळी असतात. त्यामुळे एनडीएच्या जोडीला एक चांगलं कॉलेज हातात असणं हा निष्ठेचा प्रश्न नाही, हे मामांना शांतपणे दाखवून दे. सुभेदारसाहेबांना राखीव कुमक म्हणजे काय ते समजावून सांगावं लागणार नाही.

तुझ्या हातात नेमक्या किती संधी आहेत तेही मोजून ठेव, कारण बाकीचा बेत त्यावर उभा राहतो. अभ्यासक्रम सुरू होतो त्या वेळी वय साडेसोळा ते साडेएकोणीसच्या दरम्यान लागतं. एप्रिलच्या परीक्षेची तुकडी पुढच्या जानेवारीत जाते, सप्टेंबरची पुढच्या जुलैत. ऑक्टोबर २००८ च्या जन्माला आता २०२६ ची पहिली, २०२६ ची दुसरी आणि २०२७ ची पहिली अशा तीनच परीक्षा मिळतात. २०२७ च्या दुसऱ्या परीक्षेची तुकडी जुलै २०२८ मध्ये जाईल, तेव्हा तू साडेएकोणीस ओलांडलेला असशील. यातल्या शेवटच्या दोन्ही परीक्षा तू इंजिनिअरिंगला असताना येतात. म्हणून वर्ष ‘ड्रॉप’ घेऊ नको. अडीच-अडीच तासांच्या दोन पेपरांसाठी आख्खं वर्ष घरी बसलेल्या मुलाला एसएसबीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न त्या वर्षाबद्दलच येतो, आणि त्याला बहुधा सांगण्यासारखं काही नसतं.

एनडीएचा फॉर्म डिसेंबरात निघतो आणि तीन आठवड्यांत बंद होतो. खुल्या आणि ओबीसी गटाच्या मुलांना फी १०० रुपये. मुलींना आणि एससी-एसटी उमेदवारांना फी नाही. एनडीएत जातीचं आरक्षण नाही, त्यामुळे तिथे ओबीसी दाखल्याचा उपयोग नाही. चुका होतात त्या तीन जागी. पहिली नावाची. आपल्या बोर्डाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी असतं, आधारवर बहुधा शेवटी. फॉर्ममध्ये नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच हवी. आधारमध्ये स्पेलिंग वेगळं असेल तर दुरुस्ती आत्ताच करून घे, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ती होत नाही. दुसरी केंद्राची. परीक्षा केंद्र आधी अर्ज करणाऱ्याला आधी मिळतं. उशीर केला की जवळचं केंद्र भरतं आणि लांब जावं लागतं. पुणे मिळालं तरी आदल्या दिवशीच जा. पहिला पेपर दहाला असतो आणि दार अर्धा तास आधी बंद होतं, सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं निघून तो गाठता येत नाही. तिसरी पसंतीक्रमाची. ज्या दलाचं नाव पसंतीत लिहिलं नाही, त्यासाठी तुझा विचारच होत नाही. पीसीएम असल्यानं तुला चारही उघडी आहेत, चारही लिही.

पेपरच्या बाबतीत एक सवय जपून बदलावी लागेल. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून तिथे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नसतो. एनडीएत चुकलं की त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश जातो. गणिताचे १२० प्रश्न अडीच गुणांचे, सामान्य क्षमता चाचणीचे १५० प्रश्न चार गुणांचे, म्हणजे एका चुकीला तिथे १.३३ गुण कापले जातात. सीईटीच्या सरावानं हात सैल झालेली हुशार मुलं इथेच मार खातात. क्षमता चाचणीच्या ६०० गुणांत इंग्रजी २००, भौतिकशास्त्र १००, रसायनशास्त्र ६०, सामान्य विज्ञान ४०, इतिहास ८०, भूगोल ८० आणि चालू घडामोडी ४० अशी विभागणी असते. भौतिक, रसायन आणि गणिताची तयारी तुझी बोर्ड आणि सीईटीसोबत होतेच आहे. वेगळा वेळ इंग्रजीला दे आणि मग इतिहास-भूगोलाला. प्रत्येक पेपरात किमान गुणांची अटही असते, त्यामुळे गणितावर सगळी भिस्त ठेवता येत नाही.

फॉर्म भरायच्या आधी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये किंवा चांगल्या खासगी डॉक्टरांकडून एकदा तपासून घे. डोळ्यांचा नंबर आणि रंग ओळखण्याची चाचणी आधी कर. रंगांची अडचण निघाली तर हवाई दल आणि नौदलाचा पसंतीक्रम नव्यानं ठरवावा लागेल. नाकाचा पडदा वाकडा असणं, कानातला मळ, किडलेले दात, सपाट तळपाय, गुडघे एकमेकांना लागणं, व्हेरिकोसील, हायड्रोसील आणि जास्त वजन ही नाकारलं जाण्याची नेहमीची कारणं आहेत. यातल्या बऱ्याच गोष्टींवर सहा-आठ महिन्यांत उपचार होतात, एसएसबी झाल्यावर मात्र वेळ उरत नाही. गोंदवून घेण्याचा विचार असेल तर सोडून दे. कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू सोडली तर इतर ठिकाणचा कायमचा टॅटू चालत नाही.

आता जेईई मेन. तू ही परीक्षा एनआयटीसाठी देणार असशील तर तो भाग दुय्यम धर. सेनेची टेक्निकल एंट्री स्कीम आणि नौदलाची १०+२ बी.टेक. एंट्री या दोन्ही वाटा जेईई मेनवर चालतात. त्यांना यूपीएससीची लेखी नसते. जेईईच्या गुणांवर किंवा रँकवर निवड होऊन थेट एसएसबीचं बोलावणं येतं, आणि अर्जाला फी नाही. सेनेच्या योजनेला बारावीला पीसीएममध्ये ६० टक्के लागतात. नौदलाला पीसीएममध्ये ७० टक्के आणि दहावी किंवा बारावीच्या इंग्रजीत ५० टक्के. एनडीएला बारावी नुसती पास चालते, म्हणून पुष्कळ मुलं बोर्डाकडे दुर्लक्ष करतात आणि या दोन वाटा स्वतःच्या हातानं बंद करून घेतात. जेईई दिलीच नाही तर दोन्ही वाटा त्या वर्षापुरत्या गेल्या. तुझ्यासाठी जानेवारीचं एकच सत्र पुरे. एप्रिलमध्ये जेईईचं दुसरं सत्र, एनडीए आणि सीईटी जवळजवळ येतात. दुसऱ्या सत्राची फी आणि ते दिवस वाचव. (हे वाचणाऱ्या मुलींसाठी: सेनेची टेक्निकल एंट्री फक्त मुलांसाठी आहे. नौदलाची मुलींना खुली आहे. एनडीएत २०२२ पासून मुली जात आहेत आणि पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली, पण अलीकडच्या जाहिरातींत सेनेच्या २०८ जागांत मुलींसाठी १० च होत्या. तेव्हा कॉलेजची बाजू मुलींनी जास्तच पक्की ठेवावी. पीसीबीवाल्यांना (गणिताऐवजी जीवशास्त्र) पुण्याच्या एएफएमसी या सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी नीट द्यावी लागते.)

सरांच्या यादीतली खासगी विद्यापीठं काढून टाक. प्रत्येकाची वेगळी परीक्षा, वेगळी फी आणि निकाल लागताच जागा राखायला मोठी रक्कम, असा तो प्रकार असतो. त्याहून मोठी गोष्ट वडिलांना सांग. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर मिळणाऱ्या शुल्क सवलती आणि महाडीबीटी पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्या कॅपमधून झालेल्या प्रवेशाला मिळतात. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला त्या लागू होत नाहीत. एनडीएच्या दोन्ही परीक्षा, जेईईचं एक सत्र, सीईटी आणि कॅपची नोंदणी मिळून खर्च तीन हजारांच्या आसपास होतो.

ऑप्शन फॉर्मवर आता सावकाश बोलू, कारण सगळ्यात जास्त मुलं नुकसान करून घेतात ती इथे.

सीईटी सेलच्या संकेतस्थळावरून मागच्या वर्षीच्या पहिल्या कॅप राउंडची कट-ऑफ यादी उतरवून घे. प्रत्येक शाखेखाली गट लिहिलेले असतात: GOPENH, GOPENO, GOPENS अशा अक्षरांत, आणि ओबीसीसाठी त्याच धर्तीवर. शेवटचं अक्षर बघायला शीक. एच म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या हद्दीतली मुलं, ओ म्हणजे इतर विद्यापीठांची, एस म्हणजे राज्यस्तर. बारावी जिथून केली, त्यावरून आपलं विद्यापीठ ठरतं. तुझी बारावी सोलापुरात, म्हणून सोलापूरचं वालचंद इन्स्टिट्यूट, ऑर्किड किंवा पंढरपूरचं स्वेरी बघताना एचचा स्तंभ, आणि पुणे विद्यापीठाच्या कॉलेजात ओचा. पुण्याच्या मित्राला ज्या पर्सेंटाइलवर तिथे जागा मिळते, त्यावर तुला मिळेलच असं नाही. आपल्याकडची जी मुलं अकरावी-बारावीला लातूरला जातात, त्यांचं विद्यापीठ नांदेडचं धरलं जातं आणि सोलापूरच्या कॉलेजात ती बाहेरची ठरतात, हे प्रवेशाच्या दिवशी कळून उपयोग नसतो.

यादीत गुणवत्ता क्रमांक आणि कंसात पर्सेंटाइल असतं. निकालानंतर तुला राज्य गुणवत्ता क्रमांक मिळेल, तो धरून तुलना कर. २०२५ मध्ये पीसीएम गटाला चार लाखांवर मुलं बसली होती, म्हणजे एका पर्सेंटाइलमध्ये चार हजार मुलं. ९२ आणि ९५ मधला फरक बारा हजार मुलांचा आहे. म्हणून आत्ताच्या अंदाजावर अंतिम यादी करू नको. ९२ धरून एक आणि ९५ धरून एक अशा दोन कच्च्या याद्या कर.

तुझ्यासाठी चाळीसच्या आसपास पर्याय पुरेत. इथे पर्याय म्हणजे कॉलेज अधिक शाखा. त्यातले आठ-दहा मागच्या वर्षी तुझ्यापेक्षा वर बंद झालेले ठेव. पुण्याच्या सीओईपीची किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयची कॉम्प्युटर शाखा ९९ च्या आसपास आणि वर जाते, ती ओबीसी सवलत धरूनही तुझ्या पल्ल्याबाहेर आहे. पण त्याच दर्जाच्या संस्थांत, सांगलीच्या वालचंदला किंवा कऱ्हाडच्या शासकीय महाविद्यालयात, सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल कुठे बंद झालं ते तपास. वीसेक पर्याय तुझ्या क्रमांकाच्या आसपासचे. उरलेले दहा तुझ्यापेक्षा बरेच खाली बंद झालेले, ज्यात सोलापूर जिल्ह्यातली कॉलेजं येतील. हे शेवटचे दहा लिहायला पुष्कळांना कमीपणा वाटतो, आणि चौथ्या फेरीनंतर तीच मुलं रिकाम्या जागा शोधत फिरतात.

क्रम फक्त आवडीचा लावायचा. ‘मिळेल’ त्या कॉलेजला वर ठेवलं तर मोठा घोटाळा होतो. २०२५-२६ च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला, तर जागा आपोआप पक्की होऊन पुढच्या फेऱ्या बंद होत होत्या. यंदाची माहितीपुस्तिका आली की हा आकडा आधी बघ आणि वरचे सहा पर्याय घरच्यांसोबत बसून ठरव. कॉलेज तेच आणि चॉइस कोड (पर्यायाचा क्रमांक) वेगळा असं दिसलं तर थांब. शेवटी टी असलेला कोड ट्यूशन फी माफीच्या जागेचा असतो. त्याचा कट-ऑफ चढा असतो, पण तुझ्या घरासाठी तो मूळ शाखेच्या आधी लिहिण्यासारखा आहे. फॉर्म भरल्यावर ओटीपी टाकून कन्फर्म केला नाही तर तो भरलाच नाही असं धरतात.

एनडीएच्या पुढच्या दोन परीक्षा डोक्यात ठेवून कॉलेजला तीन गोष्टी विचार. एसएसबीला पाच दिवस आणि पुढे वैद्यकीय तपासणीचे दिवस जातात, त्या हजेरीचं काय करतात. एनसीसीचं युनिट आहे का. इंजिनिअर होऊन ‘सी’ प्रमाणपत्र मिळालं तर सेनेच्या एनसीसी स्पेशल एंट्रीला लेखी परीक्षा नसते, आणि सीडीएस, एएफकॅट या अधिकारी भरतीच्या परीक्षाही पदवीनंतर उघडतात. तिसरं, मूळ कागद परत देतात का. एसएसबीला दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रं लागतात. घराजवळचं कॉलेज पहिल्या वर्षाला सोयीचं आणि स्वस्त पडेल, बेंगळुरू आणि भोपाळच्या एसएसबी मंडळांनाही सोलापुरातून थेट गाडी आहे. तरी केवळ या सोयीसाठी सोलापूरचं कॉलेज वर चढवू नको. एनडीए झालं नाही तर तिथे चार वर्षं काढायची आहेत, त्या हिशेबानंच क्रम लाव. आणि डिसेंबरात खडकवासल्याचं बोलावणं आलं तर त्या वर्षाची फी परत मिळेल असं धरू नको. एनडीएत शिक्षण, राहणं, जेवण सरकारी खर्चानं होतं, त्यामुळे वडिलांनी हा एवढा एक तोटा आधीच मनात धरून ठेवावा.

दाखल्यांसाठी या महिन्यातच सेतूत जा. नॉन-क्रीमीलेअरचे दोन नमुने असतात, कॅपसाठी राज्याचा आणि जेईईसाठी केंद्राचा. एक दुसरीकडे चालत नाही. राज्याचा दाखला ३१ मार्च २०२७ पर्यंत वैध असेल असा काढ. जात पडताळणीचा अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत सुटला पाहिजे. मुदतवाढ मिळेल या भरवशावर राहिलेल्या मुलांच्या राखीव जागा हातच्या जातात.

भावासाठी वाट वेगळी आहे आणि ती फक्त दहावीतच मिळते. छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्थेत राज्य सरकार १९७७ पासून एनडीएची तयारी करून घेतं. अकरावी-बारावी आणि एनडीएचा अभ्यास तिथेच राहून होतो. प्रवेश लेखी परीक्षा आणि मुलाखतीतून मिळतो, आणि जाहिरात दहावीच्याच वर्षात निघते, म्हणून त्याचा रहिवास दाखला तुझ्या कागदांसोबतच काढून घ्या. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ पासून नाशिकला आहे. सोलापूर-बार्शीकडे ‘डिफेन्स अकॅडमी’ अशा पाट्या लावून जे चालतं, ते खासगी क्लास आहेत. पोलीस भरती आणि अग्निवीरची मैदानी तयारी तिथे होते, पण दोन वर्षांची फी भरण्याआधी गणित आणि इंग्रजी कोण शिकवतं आणि गेल्या तीन वर्षांत तिथली किती मुलं एनडीएची लेखी उत्तीर्ण झाली, हे वडिलांनी समोर बसून विचारावं आणि त्या मुलांचे अनुक्रमांक यूपीएससीच्या निकालात पडताळून बघावेत.